मल्हारची एक्क्याऐंशी मेंढरं

१

सोमवारी सकाळी पावणेनऊच्या सुमाराला मल्हारची एक्क्याऐंशी मेंढरं गेली.

तो सहा नंबरच्या संगणकावर होता आणि जयवंताबाई त्याच्या शेजारीच, पाच नंबरवर मराठी टायपिंगचा धडा गिरवत होत्या. मल्हार एवढ्या झटक्यानं उठला की त्याची खुर्ची मागं कलंडली.

"माजी मेंढरं कुठं हायती? शनिवारी एकशे बारा हुती. आता एकतीसच दावतंय!"

बारामतीच्या भिगवण रस्त्यावरचा हा संगणक क्लास हिंदुराव सरांचा. शाळेतून विज्ञान शिकवून निवृत्त झाल्यावर त्यांनी तो काढला. हॉलमध्ये दहा संगणक, अकरावा त्यांच्या खोलीत, आणि सगळे एकमेकांना तारांनी जोडलेले. १९९९ सालचा फेब्रुवारी चालू होता. एवढे संगणक एका जागी बघायला बाहेरगावची माणसंही येत.

मल्हारची मेंढरं मात्र खेळातली होती. क्लासची शिक्षिका सुकन्या, वय तेवीस, मूळची बावड्याची. तिचे आजोबा गेणूआबा हयातभर मेंढरांमागं फिरलेले. वडील आता ऊस आणि मका करायचे. आबांकडून वाटा आणि मुक्काम ऐकून तिनं 'कळप' नावाचा खेळ लिहिला होता. दसऱ्याला दहा मेंढरं घेऊन निघायचं, जेजुरीवरून पुढं घाट उतरून कोकणात जायचं आणि पावसाळ्याच्या आत परतायचं. चारा शोधायचा, लांडगे हाकलायचे. खेळाचं मूळ ठाणं सरांच्या खोलीतल्या संगणकावर, आणि पोरं हॉलमधल्या दहा संगणकांवरून त्याला जोडून घेऊन खेळायची. क्लासच्या वेळेआधी तासभर सगळे मेंढके हजर असत.

त्यात मल्हार पहिला. दुसरा सणसरचा यशराज, उसाच्या मोठ्या बागायतदाराचा मुलगा, चौऱ्याहत्तर मेंढरांचा धनी. शनिवारी जाताना यशराज सगळ्यांदेखत म्हणाला होता, "सोमवारी बघ, तुझ्या मेंढरांचं काय होतं ते."

मल्हारला ते आठवलं आणि त्यानं सरळ यशराजची कॉलर धरली.

आरडाओरडा ऐकून हिंदुराव सर बाहेर आले. दोघांना त्यांनी दोन बाजूंना केलं, यशराजला बाहेर उभं राहायला सांगितलं आणि सुकन्याला म्हणाले, "मूळ संगणकावरची नोंद दाखवा."

सुकन्यानं खोलीत जाऊन नोंद उघडली. मल्हारच्या नावापुढं आकडा होता एकशे बारा.

सरांनी तो आकडा पुन्हा एकदा वाचला. मग म्हणाले, "पोराच्या पडद्यावर एकतीस आणि इथं एकशे बारा. म्हणजे बोंब झाल्यावर कुणीतरी मेंढरं परत आत घातली. असं करू शकणारं माणूस या क्लासमध्ये एकच आहे."

"सर, मी हातसुद्धा लावलेला नाही."

"मग कुणी लावला? शनिवारी पुण्याच्या कंपनीचे पाहुणे तुमचा खेळ बघायला येतायत. लबाडीचा खेळ मी त्यांच्यापुढं ठेवणार नाही. शुक्रवारपर्यंत खुलासा झाला नाही तर पुढच्या महिन्यापासून दुसरीकडं नोकरी बघा."

खेळ बंद झाला. सुकन्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. पोरं खाली माना घालून बसली.

तेवढ्यात पाच नंबरवरून आवाज आला. "सर, मला जरा विचारपूस करू द्याल का?"

२

जयवंताबाईंचं वय पन्नास. इंदापूरच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये त्यांनी बावीस वर्षं बोर्डावर काढली होती. कानाला हेडफोन, पुढं भोकांची फळी, हातात वायरी. तालुक्यातला कोण माणूस कसा 'हॅलो' म्हणतो हे त्यांना पाठ होतं, आणि खोटं बोलणारा माणूस पहिल्या वाक्याआधी श्वास घेतो हेही. मग आपोआप लागणारे फोन आले, बोर्ड निघाला आणि त्यांची बदली बारामतीच्या ऑफिसात तक्रारी लिहायला झाली. आता तिथंही संगणक येणार म्हणून त्या सकाळी इथं शिकायला यायच्या. पोरांबरोबर बसायची लाज पहिल्या आठवड्यातच गेली होती.

हिंदुराव सर त्यांना ओळखून होते. "विचारा," एवढंच ते म्हणाले.

मल्हारला त्यांनी कोपऱ्यावरच्या चहाच्या गाड्यावर नेलं.

"शनिवारी तुझा कळप कुठं होता रे?"

"कोकणात, काकू. चिपळूणच्या अल्याड."

"आणि आज सकाळी?"

मल्हार थबकला. "आज... जेजुरीच्या माळावर. व्हय, जेजुरीच लिवलं हुतं."

"हे कुणाला बोललास?"

"न्हाय. मेंढरंच गेली म्हटल्यावर जागंचं कोण बघतंय?"

"मग ते आता पोटातच ठेव. सुकन्यालासुद्धा सांगू नकोस."

चहाचा कप हातातच राहिला आणि बाई विचार करू लागल्या. चोर मेंढरं नेईल. पण उरलेली एकतीस हाकत घाट चढून, तीन महिन्यांची वाट उलट तुडवून जेजुरीला कशाला नेऊन बसवील?

यशराज क्लासच्या पायरीवर बसला होता. डोळे लाल.

"मी त्याच्या आधी पुढचं कुरण धरणार होतो काकू. म्हणजे त्याच्या मेंढरांना चारा मिळाला नसता. एवढंच म्हणायचं होतं मला. चोरायची असती तर आदल्या दिवशी ओरडून सांगितलं असतं का?"

ते खरं होतं. आवाजातही वाकडं काही नव्हतं.

"सरांनी तुला बाहेर काढल्यावर इथून कोण आलं-गेलं?"

"दूधवाला. दोन-चार पोरं. एक गडी क्लासच्या मागच्या दारानं गोणी घेऊन आला आणि रिक्षात बसला. मफलर गुंडाळलेला, तोंड दिसलं नाही. गोणी खाली ठेवत नव्हता. लेकरासारखी पोटाशी धरलेली."

उरली गोजरबाई. क्लास झाडायला, पुसायला तीच. ती मागं फडकी पिळत होती.

"म्या सातला येती," ती म्हणाली. "झाडती, पुसती, मंग मेन बटण दाबती. दाबलं की सगळं डबं एकदम घुं करून उठत्यात. मंग एकेकाची टोपी काढती."

टोपी म्हणजे धूळ बसू नये म्हणून संगणकावर घातलेलं प्लास्टिकचं आवरण.

"आज काही वेगळं दिसलं का गं?"

"आता वेगळं काय दिसायचं बाई? एका डब्याला टोपी न्हवती, तेवढंच. सायबाच्या खोलीत, टेबलाखाली हुता. म्हटलं, उंदरानं न्हेली का काय!"

जयवंताबाई आत गेल्या आणि घडी घालून ठेवलेल्या टोप्या मोजल्या. अकरा. क्लासमधले संगणक अकरा. मग बिनटोपीचा डबा कुठला?

सरांच्या खोलीत त्या गुडघ्यांवर बसल्या आणि टेबलाखाली वाकून बघितलं. तिथं डबा नव्हता. धुळीत एक स्वच्छ चौकोन होता आणि त्याच्याशेजारी एक तार, कशालाच न जोडलेली.

३

मंगळवारी सरांनी तपासणीपुरता खेळ सुरू करू दिला. नऊ संगणक झटक्यात जोडले गेले. सहा नंबर मात्र जोडला जाईना. मल्हार पुन्हा पुन्हा नाव टाकायचा आणि पडद्यावर तेच उत्तर यायचं: ठाणं सापडत नाही.

"रामहरीला बोलवा," सर म्हणाले.

रामहरी हा क्लासचा जुना शिक्षक. दिवाळीच्या सुमाराला सरांशी शब्दाला शब्द लागला, तो नोकरी सोडून गेला आणि इंदापुरात त्यानं दुरुस्तीचं दुकान टाकलं. तरी यंत्र अडलं की सर त्यालाच बोलवत. रविवारीही तो येऊन गेला होता. सहा नंबरमधलं जोडणीचं कार्ड त्यानंच बदललं होतं. सरांनी किल्ली दिली होती आणि त्यानं एकट्यानं काम उरकलं होतं.

दुपारी तो आला. सडपातळ, तिशीचा, खिशाला स्क्रू-ड्रायव्हर.

"काल बिघडलं म्हणता? मला कळवायचं नाही का? काल दिवसभर दुकानातून हललो नाही मी," बसता बसता तो म्हणाला. म्हणायच्या आधी त्यानं एक छोटा श्वास घेतला.

त्यानं तार बदलली, कार्ड काढून पुन्हा बसवलं. सर फोनवर होते, सुकन्या फळ्यापाशी. दहा मिनिटं तो एकटाच सहा नंबरवर काहीतरी टाइप करत बसला. मग मोकळ्या आवाजात म्हणाला, "आता बघा."

मल्हारनं नाव टाकलं. ठाणं सापडत नाही.

बाकीच्यांना त्याचं काहीच वाटलं नाही. दिवसभर तेच चाललं होतं. रामहरीचं तोंड मात्र उघडंच राहिलं. सगळ्यांत जास्त नवल त्यालाच वाटलं, हे जयवंताबाईंनी टिपून ठेवलं. एसटीची वेळ झाली म्हणून तो निघून गेला.

क्लास रिकामा झाल्यावर बाई सुकन्याशेजारी येऊन बसल्या.

"सहा नंबरवरून बाकीचं सगळं चालतं का गं?"

"चालतं. प्रिंट निघते, चार नंबरवरची फाईल उघडते. फक्त खेळ तेवढा जोडत नाही."

"म्हणजे लाईन चांगली आहे." बाईंना आपल्याच आवाजात जुनी ऑपरेटर ऐकू आली. "माझ्या बोर्डावर एक चिठ्ठी चिकटवलेली असायची. रोज लागणारी नावं आणि त्यांचे नंबर. कुणी 'कारखाना द्या' म्हटलं की मी डिरेक्टरी उघडत नसे. चिठ्ठी बघायची आणि जोडून द्यायचं. एकदा बदलीवर आलेल्या मुलीनं चिठ्ठीवर चुकीचा आकडा लिहिला. तीन दिवस कारखान्याचे सगळे फोन बावड्यातल्या एका पिठाच्या गिरणीत जात होते. मागणारा बरोबर, लाईन बरोबर, कारखाना जागेवर. चूक चिठ्ठीत. तुमच्या या यंत्राला अशी चिठ्ठी असते का?"

सुकन्या सरळ होऊन बसली. "असते, काकू. अगदी अशीच. 'होस्ट्स' नावाची फाईल. आपल्या खेळाला फक्त 'कळप' हे नाव माहीत आहे. संगणक आधी त्या फाईलमध्ये बघतो की कळप म्हणजे कुठला नंबर. प्रत्येक संगणकाला नंबर असतो ना, तो. फाईलमध्ये जो लिहिला असेल तिकडं तो डोळे झाकून जातो, दुसऱ्या कुणाला विचारत नाही."

"मग ती बघ."

"बघितली." सुकन्याचा आवाज खाली आला. "रामहरी गेल्यावर पहिलं तेच केलं. सहा नंबरवरची होस्ट्स फाईल उघडून बघितली. नंबर बरोबर आहे. सरांच्या खोलीतलाच, शेवटी एक."

चिठ्ठी बरोबर, लाईन बरोबर, ठाणं जागेवर. तरीही फोन लागत नव्हता.

४

बुधवारी जयवंताबाईंनी ऑफिसातून अर्धी रजा टाकली आणि सणसरवरून जाणारी इंदापूरची एसटी धरली. दोन्ही अंगांना ऊसतोड चालू होती. बाई खिडकीपाशी बसून मनातल्या मनात आवाज ऐकत होत्या. मल्हारचा, यशराजचा, आणि तो श्वास.

रामहरीचं दुकान स्टँडमागच्या गल्लीत. तीन संगणक, आणि त्यांच्यापुढं दाटीवाटीनं बसलेली शाळकरी पोरं. बाईंना दारात बघताच रामहरी पटकन म्हणाला, "चला रे, आज एवढंच. बंद करा." पोरं कुरकुरली. एकेक पडदा काळा झाला. जाताना एक लांब वेण्यांची मुलगी त्याला म्हणाली, "सर, लांडगा लई माजलाय." त्यानं तिला हातानंच गप्प केलं.

बाईंनी काही विचारलं नाही. चहा आला. इंदापूरच्या जुन्या ओळखीपाळखी निघाल्या, बोर्डाच्या गमती निघाल्या. रामहरी सैलावला.

"सुकन्याची नोकरी जायची वेळ आलीय," बाई मग म्हणाल्या.

रामहरीनं कप खाली ठेवला. "नोकरी? ती कशानं?"

"सर म्हणतात, तिनंच मेंढरं काढली आणि तिनंच परत घातली."

"असं कसं म्हणतात? ती असलं कधी करणार नाही."

"आणि मल्हार दोन दिवस जेवला नाही म्हणतात."

"वाईट वाटतं हो." रामहरी कपाकडं बघत म्हणाला. "एवढे महिने राबायचं आणि एकतीस मेंढरं घेऊन पुन्हा जेजुरीच्या माळावर उभं राहायचं. पोराचं काळीज तुटणारच."

बाईंनी बशीतला चहा शांतपणे संपवला. पदरानं ओठ टिपले आणि उठल्या. दारात थांबून म्हणाल्या, "ज्यानं हे केलं, तो माणूस कसा असेल रे?"

"चोर नसंल कदाचित, काकू," रामहरी म्हणाला. शहरी बोलणं सुटून त्याच्या तोंडून पहिल्यांदाच गावचं बोलणं निघालं होतं.

स्टँडवर येऊन बाईंनी एसटीडी बूथ गाठला. बावीस वर्षं त्यांनी दुसऱ्यांचे फोन जोडले होते. हा त्यांना स्वतःला करायचा होता.

"रामहरी, जयवंताकाकू बोलतेय. उद्या दहाला क्लासमध्ये ये. पोलीस नाहीत, कुणी नाही. आणि गोणी घेऊन ये."

पलीकडं त्यानं फोन ठेवला नव्हता. नुसता श्वास ऐकू येत होता.

५

गुरुवारी साडेनऊला सहा नंबरपुढं चौघं होती. जयवंताबाई, सुकन्या, मल्हार आणि हाताची घडी घातलेले हिंदुराव सर.

"ती चिठ्ठी जिथं असते तो कप्पा उघड," बाई म्हणाल्या. "मला नुसती नावं दाखव."

सुकन्यानं फोल्डर उघडलं. नावांची लांबलचक रांग लागली. बाई चष्मा सावरून एकेक नाव टिपत खाली आल्या आणि त्यांचं बोट थांबलं.

"हे होस्ट्स. आणि खाली हे परत होस्ट्स. एका घरात एकाच नावाची दोघं?"

सुकन्यानं डोळे बारीक केले. "असं होऊच शकत नाही काकू. एका फोल्डरमध्ये एका नावाच्या दोन फाइली संगणक ठेवूच देत नाही. मी हीच उघडली होती, वहीचं चित्र आहे ती..." ती बोलता बोलता थांबली. मग तिनं काळा पडदा उघडला, जिथं सगळं नुसत्या अक्षरांत दिसतं, आणि भराभर टाइप केलं.

पडद्यावर दोन नावं आली. एक नुसतं होस्ट्स. दुसऱ्याच्या मागं टिंब आणि तीन अक्षरांचं शेपूट.

"शेपूट!" सुकन्या ओरडलीच. "नोटपॅडमध्ये नवीन फाईल लिहून ठेवली की तो आपणहून शेपूट लावतो, आणि एरवी ते दिसत नाही. शेपूटवाली फाईल संगणक वाचतच नाही. त्याला फक्त बिनशेपटाची लागते. मी शेपूटवाली बघत बसले होते!"

"मग खरी उघड."

खऱ्या फाईलमध्ये 'कळप' या नावापुढं नंबर होता. शेवटी एक नव्हता. शेवटी वीस होता.

"आपल्याकडं अकराच्या पुढं नंबरच नाही," सर पुटपुटले.

"सोमवारी सकाळी होता," जयवंताबाई म्हणाल्या. "तो बिनटोपीचा डबा. तुमच्याच टेबलाखाली."

मग त्यांनी सगळं सांगितलं. रविवारी कुणीतरी स्वतःचा संगणक इथं आणला. त्यात याच खेळाची नक्कल होती, पण दिवाळीत उचललेली. तेव्हा मल्हारकडं एकतीसच मेंढरं होती आणि कळप जेजुरीला होता. नक्कल चालते का हे बघायला त्यानं सहा नंबरची चिठ्ठी आपल्या डब्याकडं वळवली. डबा तिथंच राहिला. सोमवारी गोजरबाईनं मेन बटण दाबलं आणि बाकीच्यांबरोबर तोही उठला. मल्हारनं 'कळप' मागितला, सहा नंबरनं त्याला त्या डब्यात नेऊन सोडलं.

"चोरी झालीच नाही, सर. मेंढरं कोकणातच होती. नोंद खरी होती, आणि पोराचा पडदाही खरंच बोलत होता. ते दुसरंच ठाणं होतं. भांडण चालू असताना तो गडी मागच्या दारानं आला आणि डबा गोणीत घालून गेला. मग सहा नंबर कुठं जोडणार? गिरणीच उठून गेली. मंगळवारी त्यानं चिठ्ठी दुरुस्त करायचा प्रयत्नही केला. पण घाईत नवी लिहिली, तिला शेपूट लागलं, आणि जुनी तशीच राहिली. म्हणून त्यालाच सगळ्यांत जास्त नवल वाटलं."

"रामहरी," सर म्हणाले.

"कळप जेजुरीला दिसला हे फक्त मल्हारला आणि मला ठाऊक होतं. काल ते तिसऱ्याच्या तोंडून ऐकलं."

दारात पावलं वाजली. रामहरी उभा होता, गोणी पोटाशी धरून.

तो आत आला, गोणी हळूच जमिनीवर ठेवली आणि सुकन्याकडं न बघता बोलू लागला. "नोकरी सोडताना नक्कल घेतली. विचारायचं धाडस झालं नाही. पहिल्यापहिल्यांदा पोरं माझ्या मूळ डब्यावरच खेळायची. आता दुसरे दोन डबे त्याला जोडायचे होते, तर काही केल्या जोडेनात. डब्यातच खोट आहे का बघायला रविवारी इथं आणला. सहा नंबरवरून लगेच जोडला गेला. तेवढ्यात लाईट गेली, शेवटची एसटी सुटत होती, ओझं घेऊन पळता येईना. उद्या नेऊ म्हटलं. चिठ्ठी परत फिरवायची राहून गेली. सोमवारी आलो तर आत मारामारी. माझी जीभच उचलली नाही. तुझ्यावर येईल असं वाटलं नव्हतं, सुकन्या. त्या दिवशीच बोलायला पाहिजे होतं."

सरांच्या कपाळावरची शीर फुगली. पण आधी सुकन्या बोलली.

"किती पोरं खेळतात तिथं?"

"चौदा. त्यातल्या नऊ पोरी. तिघी बावड्याच्या."

"दिवाळीपासून?"

"व्हय."

"आणि दिवाळीतलाच खेळ चालवतोस?" तिचा आवाज चढला. "अरे, त्यातला लांडगा चुकलेला आहे! राखणीला कुत्रं असलं तरी तो आत शिरतो. आबांनी सांगितल्यावर मी तो महिनाभरात सुधारला. तुझ्या पोरांची मेंढरं तीन महिने उगाच मरतायत!"

रामहरीनं पहिल्यांदा मान वर केली. "पोरं म्हणतात खरी, लांडगा लई माजलाय म्हणून. मला वाटलं, त्यांनाच राखता येत नाही."

मल्हार फिस्सकन हसला. सोमवारपासून तो पहिल्यांदा हसत होता.

हिंदुराव सरांनी घडी घातलेले हात सोडले. "सुकन्याबाई, सोमवारी मी बोललो ते सगळ्यांसमोर बोललो. मागं घेतो तेही सगळ्यांसमोरच घेईन. उद्या सकाळी, पोरं जमल्यावर." रामहरीकडं वळून ते म्हणाले, "तुझ्याशी मी नंतर बोलतो. आणि विचारायची लाज वाटण्याइतका मी वाईट असेन, तर तेही बोलू."

"काकू, तुम्हीच दुरुस्त करा," सुकन्या म्हणाली आणि बाजूला सरली.

जयवंताबाई सहा नंबरपुढं बसल्या. एका बोटानं वीस खोडला आणि एक लिहिला. शेपूटवाली फाईल काढून टाकली. मल्हारनं नाव टाकलं. पडदा क्षणभर अडखळला आणि चिपळूणच्या अलीकडं, हिरव्या उतारावर, एकशे बारा ठिपके चरताना दिसू लागले. तरी मल्हारनं ते बोटानं एकेक करून मोजले.

६

शनिवारी पुण्याचे पाहुणे आले, दोन तास बसले आणि जाताना सुकन्याला पुढच्या आठवड्यात कंपनीत भेटायला बोलावून गेले. काय होईल ते तेव्हा कळणार होतं. पण रविवारी दुपारी ती जयवंताबाईंना घेऊन इंदापूरला निघाली. पिशवीत फ्लॉपी होत्या.

दुकानात चौदाच्या चौदा पोरं आली होती. सुकन्यानं नवा खेळ घातला. मग उरलेल्या दोन संगणकांच्या होस्ट्स फाइली उघडल्या. दोन्हींत 'कळप' हे नावच नव्हतं.

"म्हणून जोडत नव्हतं होय!" रामहरीनं कपाळावर हात मारला. "डब्याला नाव दिलं, पण ते कुठं राहतं हे ह्यांना सांगितलंच न्हाय. सहा नंबरात ओळ आधीच हुती, तिथं नुसता आकडा बदलला."

ओळी लिहून झाल्या आणि तिन्ही पडद्यांवर एकच माळ दिसू लागला. लांब वेण्यांची राजलक्ष्मी पुढं सरकली. तिच्याकडं चार मेंढरं उरली होती. तिनं ती बसवली, कुत्रं उभं केलं आणि हात मांडीखाली दाबून वाट बघत राहिली. बाकीचे तिच्या खांद्यांवरून वाकले.

लांडगा आला. कडेकडेनं फिरला. कुत्र्यापाशी थांबला आणि आल्या वाटेनं निघून गेला.

सगळं दुकान ओरडलं. ओरडा थांबल्यावर राजलक्ष्मीनं मागं वळून विचारलं, "सर, ह्यो खेळ कुणी केलाय?"

रामहरीचा चेहरा लालबुंद झाला. तीन महिन्यांत पोरांनी हे कधी विचारलं नव्हतं आणि त्यानंही कधी सांगितलं नव्हतं.

"ह्यांनी," तो सुकन्याकडं हात करून म्हणाला. "सुकन्याबाईंनी. एकटीनं. ह्या बावड्याच्याच हायेत."

चौदा माना एकदम वळल्या. बावड्याच्या तिघी तर तिच्याकडं अशा बघू लागल्या, जणू ती आत्ताच पडद्यातून बाहेर आली होती.

"मग बाई," राजलक्ष्मी म्हणाली, "घाटात पानी का मिळत न्हाय? माजी आजी म्हणती, घाटात झरं हायती."

"कुठं आहेत म्हणते?" सुकन्यानं खुर्ची ओढली, वही काढली आणि तिच्यासमोर बसली. "नीट सांग. कुठल्या बाजूला?"

जयवंताबाईंनी घड्याळ बघितलं. पाचची एसटी सुटायला दहा मिनिटं होती. त्यांनी पिशवी खाली ठेवली, रिकाम्या झालेल्या संगणकापुढं बसल्या आणि स्वतःच्या नावानं दहा मेंढरं मागून घेतली.